मारका बैल आणि त्याचा धनी : लिन व्हाइट यांच्या निबंधाचे पुनर्परीक्षण

१९६६ च्या डिसेंबर महिन्यात, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, वॉशिंग्टन येथे भरलेल्या शास्त्रज्ञांच्या परिषदेत लिन व्हाइट या इतिहासकाराने एक व्याख्यान दिले. मध्ययुगीन तंत्रविद्या हा त्यांच्या व्यासंगाचा विषय. १० मार्च १९६७ रोजी हे व्याख्यान 'सायन्स' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. अवघ्या पाच पानांच्या या निबंधाने ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासकांना जितके अस्वस्थ केले, तितके त्या काळच्या फार थोड्या लिखाणांनी केले असेल. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी तो प्रत्यक्ष वाचला नसेल. पण त्यातील आरोप त्यांच्या कानी निश्चित आला असेल. पृथ्वीच्या आजच्या दुर्दशेचा मोठा दोष पाश्चात्य ख्रिस्ती धर्माकडे जातो, हा तो आरोप होय.

व्हाइट यांची मांडणी थोडक्यात अशी. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर युरोपातील शेतकऱ्यांनी जड लोखंडी फाळाचा नवा नांगर वापरात आणला. तो ओढण्यास आठ बैल लागत. एवढे बैल एका कुटुंबापाशी नसत. म्हणून शेतकरी बैल एकत्र करीत आणि जमिनीची वाटणी कुटुंबाच्या गरजेऐवजी नांगराच्या शक्तीनुसार होऊ लागली. मनुष्य निसर्गाचा अंश होता, तो निसर्गाचा शोषक झाला. या वृत्तीला बळ कोणी दिले? व्हाइट म्हणतात, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील 'सत्ते'च्या वचनाने आणि झाडाझऱ्यांतील देवतांना हद्दपार करणाऱ्या ख्रिस्ती शिकवणुकीने. आधुनिक विज्ञान व तंत्रविद्या याच भूमीतून उगवली. म्हणून अधिक विज्ञान आणि अधिक यंत्रे हा या संकटावरील उपाय होऊ शकत नाही. रोग धार्मिक आहे, तेव्हा औषधही धार्मिकच हवे. शेवटी ते असीसीच्या संत फ्रान्सिसचे नाव सुचवितात.

हा आरोप मंडळीच्या शत्रूने केलेला नाही. व्हाइट स्वतः ख्रिस्ती होते आणि त्यांचा सूर पश्चात्तापाचा आहे. त्यांच्या सूचनेला मानही मिळाला: १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाच्या अभ्यासकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. बायबलच्या भाष्यकारांनी उत्तरे दिली तीही भक्कम होती. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याला बागेची मशागत व राखण करण्यासाठी ठेवले आहे. तेथील दोन्ही हिब्रू क्रियापदांत सेवा आणि रक्षण हे अर्थ आहेत. तेव्हा 'सत्ता' म्हणजे कारभारीपण, मालकी नव्हे. २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रात पोप फ्रान्सिस यांनीही 'सत्ते'च्या वचनाचा अनिर्बंध वर्चस्वासाठी केलेला अर्थ नाकारला आहे.

या उत्तरांशी आम्ही सहमत आहोत. पण त्यांनी आमचे समाधान होत नाही. वादी आणि प्रतिवादी दोघेही एकाच प्रश्नाभोवती फिरतात: ख्रिस्ती लोकांची श्रद्धा काय होती? दुसरा प्रश्न, आमच्या मते अधिक बोचरा, कोणी विचारीत नाही: लोकांना ठाऊक काय होते, आणि केव्हापासून?

केवळ श्रद्धेवरून आचरण सांगता येत नाही, हे यी-फू तुआन या भूगोलवेत्त्याने १९६८ मध्येच दाखविले होते. चीनमध्ये निसर्गाशी सुसंवादाची थोर परंपरा असूनही तेथील अरण्ये मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. आपल्याकडेही नदीला माता म्हणणारे हातच तिच्यात घाण सोडतात. म्हणून आम्ही उत्पत्ति बाजूस ठेवून निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायाकडे वळण्याची विनंती करतो. व्हाइट यांच्या निबंधात आठ बैल आहेत. येथे एकच आहे, पण तो मारका आहे.

नियम असा: बैलाने शिंग मारल्याने माणूस मेला, तर बैलाला धोंडमार करावी, धनी निर्दोष. पण तो बैल पूर्वीपासून मारका असेल, धन्याला तशी सूचना दिलेली असेल, आणि तरीही त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर धनीही दोषी. दोन्ही प्रसंगी बैल तोच, शिंगे तीच, मृत्यू तोच. फरक केवळ ज्ञानाचा. सूचना मिळाली त्या दिवसापासून अपघाताचा अपराध झाला. जबाबदारी ज्ञानाबरोबर वाढते, हे तत्त्व इतक्या घरगुती भाषेत अन्यत्र क्वचितच आढळेल. प्रभूनेही लूकच्या बाराव्या अध्यायात धन्याची इच्छा जाणणारा दास आणि न जाणणारा दास यांत हाच भेद केला आहे.

ही कसोटी दोन उदाहरणांना लावून पाहू. पहिले ओझोनचे. १९२८ मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी शीतकपाटासाठी क्लोरोफ्लुओरोकार्बन वर्गातील वायू शोधून काढला. त्यापूर्वी वापरात असलेल्या अमोनिया, सल्फर डाय-ऑक्साइड यांसारख्या वायूंची गळती प्राणघातक ठरे. नवा वायू विषारी नव्हता आणि पेटतही नव्हता. तो वापरणाऱ्यांस दोष कोण देईल? १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी दाखविले की, हाच वायू वर जाऊन सूर्याच्या घातक किरणांपासून आपले रक्षण करणाऱ्या ओझोनच्या थराची झीज करू शकतो. १९८५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावर तो थर प्रत्येक वसंतऋतूत कमालीचा विरळ होत असल्याचे प्रसिद्ध केले. आता बैल मारका आहे हे धन्याला कळले होते. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे करार झाला. पुढे जगातील सर्व राष्ट्रे त्यात आली आणि गरीब राष्ट्रांसाठी निधीही उभा राहिला. हा थर अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

येथे व्हाइट यांचे विधान अपुरे पडते. माँट्रियलला जमलेल्या प्रतिनिधींनी आपला धर्म बदलला नव्हता. ज्या विज्ञानाला व्हाइट उद्दामपणाचे अपत्य मानतात, त्यानेच सूचना दिली आणि ती ऐकली गेली. ज्ञान म्हणजे केवळ सत्ता, असे त्यांनी गृहीत धरले. ज्ञान हे सूचनाही असते, याकडे त्यांचे लक्ष गेले नाही.

तथापि दुसरे उदाहरण त्यांच्या बाजूने साक्ष देते. १८५९ मध्ये टिंडल यांनी कार्बन डाय-ऑक्साइड व पाण्याची वाफ उष्णता शोषून घेतात, हे प्रयोगाने सिद्ध केले. १८९६ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल, याचे गणित मांडले. पण आपल्या थंड देशातून त्यांना ही ऊब हितावह वाटली. नुसते ज्ञान अजून सूचना झाले नव्हते. १९५८ पासून हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर कीलिंग यांनी मोजमाप सुरू केले. तेव्हा हवेच्या दशलक्ष भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता; आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. खनिज इंधनांच्या ज्वलनाने वातावरणाची घडण बदलू लागेल, असा इशारा व्हाइट यांच्या १९६७ च्या निबंधातही आहे. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाचा पहिला अहवाल आला, आणि १९९२ मध्ये राष्ट्रांनी करारावर सह्या केल्या.

आणि त्यानंतर? औद्योगिक युगाच्या प्रारंभापासून खनिज इंधनांतून जेवढा कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडला, त्याच्या निम्म्याहून अधिक १९९० नंतरच्या वर्षांतला आहे. हे विधान वाचकांनी पुन्हा एकदा वाचावे. जेम्स वॉट किंवा व्हाइट यांचा सातव्या शतकातील नांगरधारी यांच्याकडे बोट दाखविण्याची आता सोय नाही. अर्ध्याहून अधिक भार सूचना मिळाल्यानंतरचा, म्हणजे आपल्या पिढीचा आहे. शीतकपाटातील वायू बदलणे सोपे होते. त्याने आपल्या राहणीला धक्का लागला नाही. येथे सुखसोयींवरच घाला येतो, आणि जाणूनही न करणारे हृदय हा विषय रसायनशास्त्राचा नाही. व्हाइट यांचे 'औषधही धार्मिक हवे' हे म्हणणे येथे खरे ठरते. मात्र ते औषध एखाद्या वचनाचा नवा अर्थ नसून पश्चात्ताप हे आहे.

दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली ही की, सर्वांचे बैल सारखे नाहीत. भारतातील दरडोई कार्बन-उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. आणि आमच्याच मंडळीतील शेतमजूर भगिनीच्या दारात बैलच नाही, ती शिंगाच्या वाटेवर मात्र उभी आहे. ज्याला पुष्कळ दिले त्याच्याकडून पुष्कळ मागितले जाईल, या न्यायाने उपदेश करावा. गरिबांच्या माथी अपराधाचे ओझे ठेवू नये. दुसरी ही की, ज्ञान बदलत राहते. ओझोनसाठी निरुपद्रवी म्हणून आणलेले हायड्रोफ्लुओरोकार्बन वायू पृथ्वी तापविण्यात प्रबळ निघाले, आणि २०१६ मध्ये किगाली येथे त्यांच्यावरही बंधने घालावी लागली. कालचे आज्ञापालन आज पुरत नाही. लेवीयच्या चौथ्या अध्यायात नकळत झालेले पाप कळून येताच अर्पण आणण्याचा विधी आहे. नकळत झाले म्हणून ते पाप नव्हते, असे तेथे म्हटलेले नाही. पण कळून येणे हा परत येण्याचा आरंभ आहे, असे निश्चित म्हटले आहे.

राहता राहिला एक प्रश्न, आणि तो आपल्यासारख्या उपदेशकांचा आहे. धन्याला सूचना कोणी दिली? मोशेच्या नियमात सूचना देणाऱ्याचे नाव नाही. कोणी शेजारी उंबऱ्याशी आला असेल आणि अप्रिय गोष्ट बोलला असेल. आमच्या गोव्याच्या आणि बेळगावकडील वाचकांस हे उदाहरण जवळचे वाटेल: पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञमंडळाने २०११ मध्ये केंद्र सरकारला अहवाल सादर केला, पण तो लोकांसमोर येण्यास मे २०१२ उजाडले, आणि तोही माहितीच्या हक्काखाली भांडल्यावर. त्या अहवालाच्या प्रत्येक शिफारशीशी कोणी सहमत असावे असे नाही. परंतु मारक्या बैलाची वार्ता पेटीत कुलूपबंद ठेवणारा धन्याचे हित करीत नाही, आणि शेजाऱ्याचे तर नाहीच.

यहेज्केलच्या तेहतिसाव्या अध्यायातील पहारेकऱ्याला तलवार परतविण्याची आज्ञा नव्हती. ती येताना दिसली तर शिंग फुंकण्याची होती. आपल्या मंडळ्यांत कापणीच्या उपकारस्तुतीच्या दिवशी आपण पिकांबद्दल देवाचे आभार मानतो. त्याच दिवशी, त्याच वेदीपुढे, हवा, पाणी आणि डोंगर यांविषयी जे निश्चितपणे कळले आहे तेही साध्या मराठीत सांगितले जावे आणि त्याच्या प्रकाशात पापकबुली व्हावी, एवढीच आमची सूचना आहे. व्हाइट यांनी मंडळीला तिच्या भूतकाळाचा जाब विचारला. त्यांचे ऋण मान्य करून आम्ही म्हणतो की, आपला न्याय त्याहून जवळच्या दिवसांवरून होईल: बैल मारका आहे हे आपल्याला कळले त्या दिवसापासून.