पुनर्विकासाच्या भाषेतील कर्ता

महाराष्ट्रातील सार्वजनिक गृहनिर्माणाला आता पाऊणशे वर्षे उलटून गेली आहेत. १९४८ च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळाची स्थापना झाली. पुढे १९७६ च्या अधिनियमाने म्हाडा अस्तित्वात आली, आणि तिच्या पुणे मंडळाच्या कार्यक्षेत्रात सातारा व सांगली या जिल्ह्यांचा समावेश झाला. मंडळांनी व नगरपालिकांनी उभारलेल्या जुन्या वसाहती जीर्ण होत चालल्यामुळे त्यांच्या पुनर्विकासाचा प्रश्न आज सर्वत्र उपस्थित होत आहे. या प्रश्नाचा विचार बहुधा चटई क्षेत्र निर्देशांक, खर्च आणि बांधकाम या अंगांनी होतो. ज्या भाषेत तो मांडला जातो, तिची चिकित्सा मात्र क्वचितच होते. वस्तुतः रहिवाशांचा सहभाग खरा की नावापुरता, हे त्या भाषेच्या वाक्यरचनेत पुष्कळ अंशी आधीच ठरून गेलेले असते.

शासकीय मराठीत या विषयासंबंधीची वाक्ये प्रायः दोन धाटणींची आढळतात. ‘रहिवाशांना गाळे देण्यात येतील’ ही पहिली. येथे देणारा अध्याहृत आहे. रहिवासी चतुर्थीत, म्हणजे घेणाऱ्याच्या जागी, उभा आहे. ‘रहिवाशांनी गाळे मुदतीत रिकामे करून द्यावेत’ ही दुसरी. येथे रहिवासी कर्ता झाला खरा, परंतु विध्यर्थात. त्याच्याकडे क्रिया येते ती आज्ञेच्या रूपाने, आणि तीही घर सोडण्याची. ‘रहिवाशांनी ठरवले’, ‘रहिवाशांनी मोजले’, ‘रहिवाशांनी नाकारले’ अशा वाक्यांना या गद्यात सहसा जागा नसते. तृतीया विभक्ती दोन्हीकडे तीच आहे. भेद आहे तो आख्याताचा. ‘द्यावेत’ आणि ‘ठरवले’ यांमधील अंतर हेच सहभागाचे अंतर होय.

शब्दांचीही हीच कथा आहे. ‘वसणे’ हे अकर्मक क्रियापद; ‘वसवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप. ‘पुनर्वसन’ या शब्दाची घडण पाहता तो पहिल्याच्या जवळचा दिसतो. व्यवहारात मात्र तो दुसऱ्याचे काम करतो. शासन विस्थापितांचे पुनर्वसन करते. विस्थापित स्वतःचे पुनर्वसन करीत नाहीत, त्यांचे ते ‘होते’. कोयना धरणामुळे सातारा जिल्ह्यातील पाटण-जावळी भागातील गावे उठली, तेव्हापासून हा शब्द या मुलखाच्या चांगल्या परिचयाचा आहे. ‘लाभार्थी’ हा शब्द तर माणसाला केवळ याचकाच्या भूमिकेपुरताच ओळखतो. इंग्रज वास्तुविशारद जॉन टर्नर यांनी १९७२ मध्ये गृहनिर्माणाकडे नाम म्हणून न पाहता क्रियापद म्हणून पाहावे, असे प्रतिपादन केले होते. त्यांच्या म्हणण्याला मराठीच्या संदर्भात एक पुरवणी जोडावी लागते: क्रियापद मिळाले तरी ते कोणत्या अर्थात आणि कोणत्या कर्त्यासह मिळाले, हे पाहणे आवश्यक आहे.

‘संमती’ हा या व्यवहारातील कळीचा शब्द. सहकारी संस्थांच्या इमारतींविषयी कलम ७९ अ खाली २००९ मध्ये जे निर्देश निघाले, त्यांत तीन-चतुर्थांश बहुमताची अपेक्षा होती. २०१९ च्या सुधारित निर्देशांत ती ५१ टक्क्यांवर आली. या निर्देशांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. वास्तुविशारद नेमण्याचे, सभासदांच्या सूचना मागवण्याचे आणि निविदा काढण्याचे काम त्यांनी संस्थेकडे सोपवले. सभेचे चित्रीकरणही आवश्यक ठरवले. तथापि ‘संस्था’ व ‘सभासद’ हे शब्द ‘रहिवासी’ या शब्दाहून आखूड आहेत. भाडेकरू त्यांत बसत नाही. सभासदत्व ज्याच्या नावे त्याच्याखेरीज घरातील इतर माणसे, विशेषतः दिवसाचा सर्वाधिक वेळ त्या घरात घालवणारी स्त्री, त्यांत बसत नाहीत. शिवाय संमती ही दुसऱ्याने रचलेल्या वाक्याला दिलेला होकार असते. वाक्य रचण्याचा अधिकार तिच्यात येत नाही.

वाक्य कोण रचतो यावर इमारतीचे रूपही अवलंबून असते. सातारा-सांगलीकडील बोलीत घराची अंगे सोपा, परडे, न्हाणी, कट्टा अशा शब्दांनी सांगितली जातात. यांपैकी कट्टा आणि परडे यांवर शेजार चालतो, वाळवणे पडतात, म्हातारी माणसे बसतात. ‘चटई क्षेत्र’ या मापात त्यांची गणना नाही. म्हणून कागदावर घर मोठे होऊनही राहणाऱ्याला ते लहान वाटू शकते. सांगलीत तर याहून गंभीर गोष्ट आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. पाणी प्रथम कोणत्या गल्लीतून शिरते, कितव्या पायरीवर थांबते, हे तेथील रहिवासी जाणतात. आराखड्याच्या भाषेत त्यांना कर्तेपण नसेल, तर हे ज्ञान आराखड्यात येणार कोठून?

असे कर्तेपण अशक्य नाही, हे सांगलीनेच दाखवले आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या क्षेत्रात एकात्मिक गृहनिर्माण व झोपडपट्टी विकास कार्यक्रमाच्या निमित्ताने पुण्याच्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने वस्त्यांचे घरोघर सर्वेक्षण केले, नकाशे तयार केले आणि वस्त्यांतील कुटुंबांशी, त्यातही स्त्रियांशी, चर्चा करून आराखड्याची दिशा ठरवली. घर कोणाचे, कोठे आणि कोणाच्या शेजारी, हे प्रश्न तेथे बांधकामाच्या आधी विचारले गेले. क्रमातील हा बदल महत्त्वाचा आहे.

‘देण्यात येईल’ या रचनेच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावयास हवी. कर्ता लोपल्यामुळे घर हे कोणा पुढाऱ्याची मेहेरबानी ठरत नाही. ते सार्वजनिक वचन राहते. परंतु वचन मोडले असता जाब कोणाला विचारावयाचा, याचे उत्तरही त्याच लोपात नाहीसे होते. उलटपक्षी, रहिवाशाला नुसते कर्ता केल्याने काम भागत नाही. अधिकाराविना दिलेले कर्तेपण म्हणजे केवळ ओझे. म्हणून पुनर्विकासाचा कोणताही मसुदा तपासताना तीन गोष्टी पाहणे इष्ट ठरेल: मोजणी करणारा कोण, नकार देऊ शकणारा कोण, आणि वचनाने बांधलेला कोण. या तिन्ही जागी मसुद्याने नावे घातली नसतील, तर ‘लोकसहभाग’ हा शब्द त्यात कितीही वेळा आला तरी रहिवाशांच्या वाट्याला विध्यर्थाखेरीज काही येणार नाही.