फडके, नारायण सीताराम : व्यक्तिवाद आणि सांस्कृतिक प्रभाव

(४ ऑगस्ट १८९४ – २२ ऑक्टोबर १९७८). मराठी कादंबरीकार, लघुनिबंधकार, समीक्षक व तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. जन्म कर्जत (जि. अहमदनगर, आताचा अहिल्यानगर) येथे. तत्त्वज्ञान विषय घेऊन एम्.ए. झाल्यानंतर त्यांनी विविध ठिकाणी अध्यापन केले. त्यांपैकी दीर्घकाळ, म्हणजे १९२६ पासून १९४९ पर्यंत, ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात होते. रत्नागिरी येथील मराठी साहित्य संमेलनाचे (१९४०) ते अध्यक्ष होते. १९६२ मध्ये त्यांना ‘पद्मभूषण’ हा किताब मिळाला. सत्तरच्या घरातील कादंबऱ्या आणि विपुल कथा, निबंध व समीक्षा एवढे त्यांचे लेखन असले, तरी येथे विचार करावयाचा आहे तो त्या लेखनाने मराठी मध्यमवर्गाच्या मनोधारणेवर जो परिणाम केला, त्याचा.

फडके ह्यांच्यापूर्वीच्या मराठी कादंबरीत व्यक्तीला स्थान नव्हते असे नाही. हरिभाऊ आपट्यांची यमू ही एक संपूर्ण व्यक्ती आहे. परंतु ती रूढींचा बळी म्हणून आपल्यासमोर येते आणि तिचे दुःख समाजाला जाब विचारण्यासाठी मांडलेले असते. वामन मल्हार जोशी ह्यांच्या सुशीलेचा देव (१९३०) ह्या कादंबरीतील नायिका स्वतःच्या बुद्धीने आपला देव शोधते, पण तो शोधही ध्येयनिष्ठेकडे नेणारा आहे. म्हणजे व्यक्तीचे सुख हे सुधारणा, राष्ट्र वा ध्येय ह्यांच्या आश्रयानेच समर्थनीय ठरत असे. कुलाब्याची दांडी (१९२५), जादूगार (१९२८), दौलत (१९२९) आणि अटकेपार (१९३१) ह्या कादंबऱ्यांनी ही अट काढून टाकली. तरुण-तरुणींनी एकमेकांना आवडावे, आपला जोडीदार आपण निवडावा, संगीत, खेळ, प्रवास ह्यांचा मनसोक्त आस्वाद घ्यावा आणि त्यासाठी कोणत्याही थोर कार्याचा दाखला देऊ नये, हे फडके ह्यांनी वाचकाला निःसंकोचपणे सांगितले. ‘कलेसाठी कला’ ही त्यांची भूमिका पाश्चात्त्य कलावादाची उसनवारी म्हणून हिणवली गेली. तिच्यामागे सुखाच्या स्वायत्ततेचा हा आग्रह होता, हे टीकाकारांच्या फारसे लक्षात आले नाही.

उसनवारीचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. अल्ला हो अकबर! (१९१७) ही त्यांची पहिली कादंबरी मेरी कॉरेलीच्या टेंपोरल पॉवर ह्या कादंबरीवर आधारलेली होती, आणि प्रतिभासाधन (१९३१) ह्या ग्रंथातील विवेचन क्लेटन हॅमिल्टन ह्यांच्या पुस्तकावरून घेतल्याचा वाद बराच गाजला. तथापि एखाद्या लेखकाचा सांस्कृतिक प्रभाव त्याच्या मौलिकतेच्या प्रमाणात असतोच असे नाही.

हा व्यक्तिवाद सर्वांत निखळ स्वरूपात आढळतो, तो कादंबऱ्यांत नव्हे तर लघुनिबंधांत. रत्नाकर मासिकातून १९२६ मध्ये त्यांनी ‘गुजगोष्टी’ लिहावयास आरंभ केला आणि मराठीत एक नवा गद्यप्रकार रूढ झाला. तोवरचा मराठी निबंध मुख्यतः लोकशिक्षकाच्या भूमिकेतून लिहिला जाई. निबंधमालाकार चिपळूणकर, आगरकर, शि. म. परांजपे ह्यांचा ‘मी’ हा समाजाला उद्देशून बोलणारा असे. गुजगोष्टींतील ‘मी’ला मात्र काहीच सिद्ध करावयाचे नसते. एखादी किरकोळ वस्तू, सवय वा लहर हा त्याचा विषय आणि शेजारी बसलेल्या स्नेह्याशी बोलावे तसा त्याचा सूर. आपल्या खाजगी आवडीनिवडीही लिहिण्याजोग्या आहेत, हा विश्वास ह्या लेखनाने सुशिक्षित वाचकाला दिला. वि. स. खांडेकर, अनंत काणेकर आदींनी हा प्रकार आपापल्या परीने पुढे नेला. पुढे त्याचा साचा बनला व तो लयास गेला, हे खरे. पण मराठी गद्याची ऋजू, बोलकी, आटोपशीर घडण पुष्कळशी ह्या निबंधांतून आलेली आहे.

प्रत्यक्ष जीवनातही फडके वादग्रस्त राहिले. संततिनियमनाचा त्यांनी उघड पुरस्कार केला. सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया (१९२७) ह्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाला मार्गारेट सँगर ह्यांची प्रस्तावना आहे. लेखिका कमला दीक्षित ह्यांच्याशी झालेला त्यांचा दुसरा विवाहही त्या काळी बराच चर्चिला गेला. खांडेकर १९३८ मध्ये शिरोडे सोडून कोल्हापुरास आले आणि कलावाद व जीवनवाद ह्यांचे दोन प्रमुख प्रतिनिधी एकाच नगरात नांदू लागले. ह्या वादात महाराष्ट्राने पुष्कळ शाई खर्च केली. आज तो वाद वाचताना दोन्ही पक्षांचे नायक एकाच सुस्थित वर्गातले, एकाच तऱ्हेची आलंकारिक वा रेखीव भाषा बोलणारे दिसतात. भेद आहे तो नायकाने सुखी व्हावे की त्याग करावा, एवढाच.

फडके ह्यांच्या विचारातील खरी उणीव त्यांच्या सुखवादात नाही. त्यांच्या व्यक्तीला आपल्या स्वातंत्र्याची किंमत क्वचितच मोजावी लागते, ही ती उणीव होय. आयन रँड ह्या अमेरिकन लेखिकेच्या द फाउंटनहेड (१९४३) ह्या वादग्रस्त कादंबरीतील वास्तुशिल्पी आपल्या आराखड्यात फेरफार झाला म्हणून ती इमारतच सुरुंगाने उडवितो. हा व्यक्तिवाद अतिरेकी व अनेकांना असह्य वाटणारा असला, तरी समाजाशी उघड वैर पत्करणारा आहे. फडके ह्यांचा नायक असे वैर पत्करीत नाही. गैरसमज, योगायोग व विरह ह्यांची कुशल गुंफण उलगडली, की त्याला प्रेयसीही मिळते आणि प्रतिष्ठाही. जात, पैसा, वडीलधाऱ्यांची सत्ता ह्यांच्याशी त्याचा सामना होतो तो कथानकात उत्कंठा टिकविण्यापुरता. नंतरच्या कादंबऱ्यांत समकालीन राजकीय घडामोडी आल्या, परंतु बहुधा प्रेमकथेची पार्श्वभूमी म्हणूनच. तंत्रावरील त्यांचे प्रभुत्वच येथे आड आले असावे : सफाईदार शेवटाची हमी असलेल्या कथेत निवड ही जोखीम उरत नाही.

ती जोखीम त्याच काळात इतरांनी घेतली. र. धों. कर्वे ह्यांनी समाजस्वास्थ्य (१९२७–५३) हे मासिक खटले व आर्थिक विपन्नता सोसून चालविले. विभावरी शिरूरकर ह्या टोपणनावाने मालतीबाई बेडेकर ह्यांनी लिहिलेल्या कळ्यांचे निःश्वास (१९३३) ह्या कथासंग्रहाने खळबळ उडविली. त्यांच्या हिंदोळ्यावर (१९३४) ह्या कादंबरीतील पतीपासून दुरावलेली नायिका विवाहबंधनाबाहेर प्रेम आणि मातृत्व ह्यांचा हक्क मागते. फडके ह्यांच्या नायिका तिच्यापेक्षा अधिक मोकळ्या बोलतात, सायकलीवरून हिंडतात, टेनिस खेळतात. पण असा हक्क मागण्याची वेळ लेखक त्यांच्यावर येऊ देत नाही. असे असूनही शिरूरकरांच्या नायिकेचे म्हणणे ऐकून घेण्यास वाचकवर्ग काही अंशी तयार झाला होता, ह्याचे श्रेय फडके ह्यांच्या लोकप्रिय कादंबऱ्यांना नाकारता येणार नाही. घरात बसून चोरून का होईना, पण त्या वाचणाऱ्या मुलींना ‘मला काय वाटते’ हा प्रश्न परका राहिलेला नव्हता.

स्वातंत्र्योत्तर काळात नवकथेच्या उदयाबरोबर फडके ह्यांचे वाङ्‌मयीन महत्त्व झपाट्याने ओसरले. भालचंद्र नेमाडे ह्यांनी फडके-खांडेकर परंपरेवर पुढे अत्यंत कठोर टीका केली. तथापि त्या टीकेपेक्षाही परिणामकारक ठरली ती त्यांची कोसला (१९६३) ही कादंबरी. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातील खेड्यातून पुण्याच्या महाविद्यालयात येतो. वसतिगृह, स्नेहसंमेलन, मित्रमंडळी, वडिलांच्या पैशावर केलेली चैन हे फडके ह्यांच्या कादंबरीतले सारे साहित्य येथे हजर आहे, आणि त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. परीक्षा बुडते, कर्ज होते आणि नायक गावी परततो. त्याचा ‘मी’ गुजगोष्टींतल्या ‘मी’इतकाच स्वतःत गुंतलेला आहे, मात्र त्याच्याशी गूज करावयास शेजारी कोणी बसलेले नाही.