'तुंबाड' : न संपणारे म्हातारपण

'तुंबाड' हा चित्रपट 2018 च्या ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला. 2024 च्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा पडद्यावर आला, तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा अधिक गल्ला जमवला. बहुतेकांनी त्याला लोभाची गोष्ट म्हटले. ते खरेच आहे. पण मला तो म्हातारपणाचा आणि काळाचाही चित्रपट वाटतो.

दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी कथेची प्रेरणा नारायण धारपांच्या भयकथेतून घेतली. भाषा हिंदी असली तरी वाडा, माणसे आणि पाऊस आपल्या कोकणातला आहे. कथा 1918, 1933 आणि 1947 अशा तीन टप्प्यांत घडते. हस्तर या शापित देवपुत्राचा स्पर्श झालेला माणूस मरत नाही, नुसता कुजत राहतो. विनायकची आजी अशीच साखळदंडाने बांधलेली आहे. पंधरा वर्षांनी विनायक परततो, तेव्हा तिच्या देहातून झाड उगवलेले असते आणि काळीज अजून धडधडत असते. वय संपले, पण मरण आले नाही. हे दृश्य पाहिल्यावर मौत ही शिक्षा नसून रहमतही असू शकते, हे मनोमन पटते.

पंकज कुमार यांच्या छायालेखनाला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तो योग्यच. इथला पाऊस शोभेसाठी नाही. आषाढात कैनाडसारख्या गावी ज्याने चार-चार दिवस उजेड पाहिला नसेल, त्याला थांबलेला काळ कसा दिसतो हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. विनायकचा मुलगा पांडुरंग आणि शापित आजी या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच बालकलाकाराने केल्या आहेत. घराण्यातले सर्वांत जुने आणि सर्वांत कोवळे शरीर एकच! विरासत म्हणजे काय, हे याहून नेमके कसे दाखवणार?

कुरआनात 102 वी सूरह तकासुर आहे आणि तिच्या पाठोपाठ अस्र. आधी अधिकाच्या हव्यासाची चर्चा, मग काळाची शपथ. वर्गात मुलांना हा क्रम समजावताना मला हा चित्रपट आठवतो. विनायक नाणी मोजतो आणि त्याचे वय कोणी तरी दुसरेच मोजत असते.

चित्रपटात उणिवाही आहेत. विनायकची आई वगळता स्त्रिया पुसट राहिल्या आहेत. बायकोच्या वाट्याला तर फारच थोडे आले आहे. तरीही शेवट मनात घर करतो. शापित झालेला बाप आयुष्यभराची कमाई मुलापुढे धरतो आणि मुलगा ती नाकारतो. तीन पिढ्यांत पहिल्यांदा कोणी तरी 'नको' म्हणते. आपल्या मुलांना आपण मागायला पुष्कळ शिकवतो; नाकारायला कधी शिकवणार, हा प्रश्न घेऊनच मी चित्रपटगृहाबाहेर पडलो.