दोन न्यायाधीश, एकच शिक्षा

न्यायाधीशाच्या कारकीर्दीचें मूल्यमापन त्याच्या निकालपत्रांवरून करावें, असा रूढ संकेत आहे. परंतु शिक्षा सुनावतांना तो जे चार शब्द बोलतो, तेहि वाङ्मयच होत. आणि औचित्याची कसोटी त्यांस अवश्य लावावी.

बॅ. दिनशा दावर यांनीं १८९७ सालच्या राजद्रोहाच्या खटल्यांत न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांजपुढें टिळकांच्या जामिनाची मागणी करून ती मान्य करून घेतली. पुढें १९०८ च्या जुलैंत तेच दावर मुंबई हायकोर्टाच्या न्यायासनावर होते, समोर पुन्हां टिळक आरोपी होते, आणि बॅ. जिना यांनीं केलेला जामिनाचा अर्ज या वेळीं नामंजूर झाला. एवढ्यावरूनच दावर यांना दोषी ठरविणारे पुष्कळ आहेत. आम्हांस हा आक्षेप दुबळा वाटतो. एकदां घेतलेलें वकीलपत्र न्यायाधीशास जन्मभर बांधीत नाहीं.

खरा आक्षेप निराळा आहे. जूरींत सात युरोपियन व दोन पारशी होते, आणि तिचें मतहि सातास दोन असेंच पडलें. अशा प्रसंगीं बोलण्यांत अधिकच संयम हवा होता. परंतु सहा वर्षें काळें पाणी व एक हजार रुपये दंड अशी शिक्षा देतांना दावर यांनीं 'केसरी'तील लेखांमागील मन रोगट व विकृत ठरविलें. शिवाय ज्या देशावर प्रेम असल्याचें आरोपी म्हणतो, त्याच्याच हितासाठीं त्यानें कांहीं काळ देशाबाहेर राहावें, असेंहि सुनावलें. शिक्षा देण्याचा अधिकार कायद्यानें दिला होता. हा टोमणा मारण्याचा अधिकार कोणी दिला?

याच्या शेजारीं १८ मार्च १९२२ रोजीं अहमदाबादेस गांधीजींना शिक्षा देतांना न्या. ब्रूमफील्ड यांनीं केलेलें भाषण ठेवून पाहावें. शिक्षा तीच, सहा वर्षांची. दाखलाहि टिळकांच्याच खटल्याचा. गांधीजींनीं गुन्हा कबूल केल्यामुळें त्यांचें काम सोपें झालें होतें, हें खरें. तरीहि आरोपी कोट्यवधि लोकांच्या दृष्टीनें थोर देशभक्त आहे, हें त्यांनीं मोकळेपणानें मान्य केलें, आणि सरकारनें पुढें मुदत कमी केल्यास आपणांस सर्वांत अधिक आनंद होईल, असें सांगितलें. शिक्षेंत मात्र एक दिवसाचीहि सूट दिली नाहीं. कायदा राखूनहि आरोपीचा मान राखतां येतो, हें त्यांनीं दाखविलें.

निर्णयानंतर टिळकांनीं काढलेले उद्गार १९५६ सालीं मुंबईच्या त्याच न्यायमंदिरांत शिलेवर कोरून लावण्यांत आले. तेथें दावर यांचें एकहि वाक्य कोरावेंसें कोणास वाटलें नाहीं, यांतच त्या भाषणाचें परीक्षण झालें आहे.