कोंडलेली हवा

दिवाळीच्या अंकात दुसऱ्याच्या पुस्तकावर टीका करावी, म्हणजे चकली अधिक खुसखुशीत लागते, असा आम्हां लेखकमंडळींत एक समज आहे. मी मात्र आज माझ्याच कादंबरीतल्या एका प्रकरणाची उलटतपासणी घेणार आहे. ते लोकप्रिय झाले, हाच त्याचा मोठा अपराध.

प्रकरण असे. वादळात एक मालवाहू बोट उलटते आणि बारा वाव खोल तळाशी जाऊन बसते. नायक इंजिनघरात कोंडलेल्या हवेत तीन दिवस काढतो. पाणी इंचाइंचाने चढत हनुवटीला लागते. मग तो आईचे स्मरण करतो, छाती भरून श्वास घेतो, ओठ घट्ट मिटतो आणि थेट वर झेपावतो. वाचकांची पत्रे आली. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आठवीच्या मुलांनी हा प्रवेश करून दाखवला. निळ्या लुगड्याच्या लाटा केल्या होत्या. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

पुढे गणपतीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. जहाजांच्या बुडाखाली उतरून काम करणारा तो पाणबुड्या. चहाला हातही न लावता म्हणाला, “गुरुजी, आपल्या शाळेची पोरं विहिरीत घागर उपडी धरून खाली बसतात. तिच्यातली हवा छातीत भरतात आणि तोंड मिटून वर येतात. विचारलं तर म्हणाली, गुरुजींच्या गोष्टीतला खेळ आहे. त्यांना बाहेर काढलं आणि तसाच तुमच्याकडं आलो.” मग खाली बघत म्हणाला, “तुमचा नायक वर पोचला असता हो. पण जिवंत नाही.”

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्याने मला उरलेले शास्त्र एक पेला आणि एक बादली घेऊन शिकवले. वाचकहो, अभ्यंगस्नानाच्या बादलीत तुम्हीही पेला उपडा घालून पाहा. आत हवा राहते. पण पेला जसजसा खाली जाईल तसतशी ती दबत जाते. दहा मीटरवर ती निम्म्या जागेत मावते, वीस मीटरवर तिसऱ्या हिश्शात. माझ्या नायकाने बारा वाव खाली जो छातीभर श्वास घेतला, तो पृष्ठभागावर येईतो तिपटीहून अधिक फुगू पाहणार. तोंड मिटलेले असेल तर फुफ्फुसे फाटतात. अशा वेळी सारी वाट श्वास सोडत सोडतच वर यावे लागते. दाबाखालची हवा छातीत कोंडून धरली तर विहिरीतले एक-दोन मीटरही जिवावर बेतू शकतात. ‘ओठ घट्ट मिटतो’ हे तीन शब्द मी लयीसाठी लिहिले होते.

दुसरी चूक अधिक खोल आहे. आम्ही लेखक वैरी म्हणून पाण्याला उभे करतो. वाचकाला पाणी दिसते, चढते, भिववते. खरा वैरी त्या माणसाच्या नाकातूनच बाहेर पडत असतो. उच्छ्वासातला कर्बवायू बंद जागेत साठत जातो. प्राणवायू संपण्याच्या कितीतरी आधी डोके ठणकू लागते, धाप लागते, बुद्धी भ्रमते, गुंगी येते. खोलवर दाबामुळे थोडा कर्बवायूही जास्त बाधतो. घाबरून धापा टाकाव्यात, तर तो अधिकच वेगाने साठतो. माझा नायक तीन दिवस आक्रोश करीत होता आणि तरी तिसऱ्या दिवशी त्याला स्पष्ट, सुंदर विचार सुचत होते!

ज्यूल व्हर्नने असे केले नव्हते. भा. रा. भागवतांनी ज्याला मराठी मुलांच्या हाती दिले, तोच हा व्हर्न. १८७० साली ग्रंथरूपाने पूर्ण झालेल्या त्याच्या सागरी कादंबरीत ‘नॉटिलस’ दक्षिण ध्रुवाकडे बर्फात अडकते. तेथे त्याने कर्बवायूचे नाव घेतले आहे. तो शोषून घेणारे द्रव्य बोटीवर नाही, हेही नोंदले आहे. शेवटी दोन सोबती उरलासुरला श्वास मित्राला देतात. हिशेब चोख, म्हणून त्यागही खरा वाटतो. मात्र ‘नॉटिलस’चे कवच अभेद्य, आतली हवा दबत नाही. दाबाचा प्रश्न व्हर्नला पडला नाही, आणि पडायचे कारणही नव्हते.

१९७२ च्या ‘पोसायडन ॲडव्हेंचर’ या चित्रपटात उलटलेल्या जहाजाच्या बुडाला बाहेरून भोक पाडून माणसे काढतात. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. पण उपड्या पेल्याच्या बुडाला भोक पाडून पाहा! हवा वरून निसटते आणि पाणी खालून चढते. जे छिद्र दार वाटते, तेच घात करू शकते.

कोणी म्हणेल, दुर्योधन नाही का डोहात लपला? व्यासांनी त्याच्या श्वासाचा कोठे हिशेब दिला? खरे आहे. पण व्यासांनी आधीच सांगून टाकले की, त्याने मायेने पाणी थिजवले होते. मी इंजिनाच्या तेलाचा वास लिहिला, नटबोल्ट मोजले आणि वाचकाकडून वास्तवाचा विश्वास उचलला. ज्याने उधार घेतले त्यानेच फेडायचे असते.

प्रत्यक्ष घडलेली हकिकत तर माझ्या कल्पनेहून कितीतरी सरस आहे. २६ मे २०१३ रोजी पहाटे नायजेरियाच्या किनाऱ्यापासून दूर ‘जॅस्कॉन-४’ ही ओढबोट उलटून सुमारे ३० मीटर खोल बुडाली. बारा जणांपैकी एकटा आचारी, हॅरिसन ओकेने, वाचला. जेमतेम चार फूट उंचीच्या हवेत तो सुमारे साठ तास होता. गार पाणी अंगातली उष्णता ओढून नेते, म्हणून गादीचा माच करून तो होईल तितका पाण्यावर राहिला. प्रेते काढायला आलेल्या पाणबुड्याला काळोखात एक हात दिसला. प्रेताचा समजून त्याने तो धरला, आणि त्या हाताने उलट त्याचा हात धरला.

कादंबरीकार येथे पडदा पाडील. पण गोष्ट अजून अर्धीच आहे. दाबाखाली इतके तास राहिल्याने नायट्रोजन रक्तामांसात मुरलेला असतो. एकदम वर आणले, तर सोड्याची बाटली फोडावी तसे अंगात बुडबुडे उठतात. म्हणून ओकेनेला शिरस्त्राण चढवून पाणबुड्यांच्या घंटेत घेतले आणि पुढे दोन दिवसांहून अधिक काळ दाबाच्या बंद खोलीत ठेवून हळूहळू मोकळे केले. सुटलेला माणूस, माणसांच्या शेजारी, आणि तरी बाहेर येता येत नाही! यापरते नाट्य मी कोठून आणणार होतो? ते माझ्या अज्ञानाने माझ्यापासून हिरावून नेले.

दुसऱ्या आवृत्तीसाठी मी ते प्रकरण नव्याने लिहिले आहे. छापायला देण्यापूर्वी आठवीच्या वर्गात वाचून दाखवले. विहिरीतली पोरे शेवटच्या बाकावर होती. त्यांतला एक उठून उभा राहिला. थोडा हिरमुसला होता.

“गुरुजी, मग यात नायक स्वतः काहीच करत नाही?”

“करतो ना,” मी म्हणालो. “ओरडत नाही. हळू श्वास घेतो, आणि वाट पाहतो.”

तो खाली बसला. वर्गात पुष्कळ वेळ कोणी बोलले नाही. मुले हळू श्वास घेऊन पाहत असावीत.