मोती कुणासाठी मरते?

सत्यजित राय यांच्या ‘अशनी संकेत’ (१९७३) या चित्रपटाला बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले. दुसऱ्या महायुद्धातील बंगालचा दुष्काळ हा त्याचा विषय. मोठ्या अपेक्षेने मी तो पाहिला आणि निराश झालो. दुष्काळ इतका हिरवागार का, हा जुना आक्षेप मला पटत नाही. हिरव्या मुलखातही माणूस उपाशी मरतो. धानाच्या प्रदेशात राहणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

माझा प्रश्न मोतीविषयी आहे. भुकेचा पहिला बळी ही अस्पृश्य बाई. ती झाडाखाली मरते आणि ब्राह्मण गंगाचरण तिचा हात हाती घेऊन नाडी पाहतो. समीक्षक या स्पर्शाने गहिवरतात. पण हा क्षण कुणाचा? गंगाचरणाला माणूसपण यावे म्हणून मोतीला मरावे लागते! शाळा, पौरोहित्य आणि वैदकी यांवर गावाकडून तांदूळ मिळवणाऱ्या या माणसाचा धूर्तपणा राय यांनी नेमका टिपला आहे, हे मान्य. तरी कॅमेरा राहतो त्याच्याच ओसरीवर. मोती तिथे येते आणि जाते. तिची वस्ती कुठे आहे, तिथे त्या दिवसांत चूल पेटत होती का, हे कळत नाही.

आणि युद्ध? ते आकाशातून जाणाऱ्या विमानांपुरते. अशनी म्हणजे वीज. ती कुणावरही पडावी. १९४२ मध्ये ब्रह्मदेश पडला, तिकडचा तांदूळ बंद झाला. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून दहापेक्षा अधिक माणसे वाहणाऱ्या होड्या इंग्रज सरकारने काढून घेतल्या. होडीवर पोट कुणाचे होते? नमःशूद्र, मालो अशा नावाड्यांचे आणि मासेमारांचे. शेतमजूर, मासेमार, वाहतुकीवर जगणारे हेच सर्वाधिक नागवले गेले, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले. चित्रपटाच्या शेवटी मात्र पन्नास लाख मृत्यू आणि ‘मानवनिर्मित’ हा शब्द अक्षरांत येतो. जे दाखवायचे ते अक्षरांवर ढकलले.

आमच्या गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी-मुलचेरा भागात, पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची गावे आहेत. १९६० च्या दशकात, जिल्हा अजून चांदाच होता तेव्हा, सरकारने त्यांना या जंगलात वसवले. (जंगल ज्या गोंड-माडियांचे, त्यांना कुणी विचारले, हा निराळा लेख होईल.) यांतले बहुसंख्य नमःशूद्र. १९४६ मध्ये बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीत पाठविण्यासाठी झटलेले जोगेंद्रनाथ मंडल याच समाजाचे. पश्चिम बंगालात ही अनुसूचित जात आहे. महाराष्ट्राच्या यादीत तिचे नाव नाही.

त्यांची मुले माझ्या वर्गात बसतात. त्यांना मी हा चित्रपट दाखवला. एक मुलगी म्हणाली, “सर, यात आमची माणसं कुठं आहेत?” त्या वर्षी भात मागायची हिंमत कुणात उरली नव्हती, लोक दारोदार भाताची पेज मागत, हे तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. पणजोबांची होडी सरकारने नेली, तेही. राय यांच्या करुणेवर तिने शंका घेतली नाही. मीही घेत नाही. पण तिच्या पणजोबांची होडी त्या चित्रपटात कुठेच नाही.