आतून आवळलेले बोल्ट

पर्वत पाटिया, लिंबायत, डिंडोली या सुरतेच्या पट्ट्यात खानदेशातून आलेली असंख्य कुटुंबं राहतात. त्यांतला सुतार घ्या, प्लंबर घ्या की लूम दुरुस्त करणारा, अडचण एकच: हत्यारं स्वतःची, जागा दुसऱ्याची. प्लॉट विकला गेला, रस्ता रुंद झाला, की उठा. म्हणून हत्यारं ठेवायला आणि आत बसून काम करायला लाकडाची, ओढून हलवता येणारी केबिन करतात. जाता-येता तिच्याकडे कुणी बघत नाही. पण जाणत्या मिस्त्रीने बांधलेली केबिन थांबून वाचावी अशी असते.

वाचायला सुरुवात खालून करावी. तळाशी दोन जाड तुळया, त्यांची टोकं खालच्या अंगाने तिरपी कापलेली. ओढताना टोक मातीत रुतू नये म्हणून हा काप. तुळया विटांवर टेकवलेल्या, म्हणजे खालून वारा खेळतो आणि वाळवी चढली तर दिसते. गाभ्याचा साग वाळवीला सहजी दाद देत नाही. कडेचं पांढरं लाकूड मात्र ती पोखरते. चांगला मिस्त्री म्हणूनच पांढरा भाग तळात घालत नाही. हा साग वलसाड-डांगकडचा. गायकवाडांच्या काळात बिलिमोरा-वघई ही छोटी रेल्वे झाली, तिच्यावरून डांगातलं लाकूड बाहेर पडत असे.

भिंती म्हणजे चार सुट्या चौकटी. प्रत्येकीत एक तिरकी पट्टी, कारण नुसता चौकोन ओढताना कलतो, त्रिकोण कलत नाही. बाहेरच्या आडव्या फळ्यांत वरची फळी खालचीवर इंचभर चढलेली असते. खिळा बघा: तो एकाच फळीतून जातो, दोन्हींतून नाही. पावसाळ्यात लाकूड रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. दोन्ही फळ्या एका खिळ्याने जखडल्या तर एक तरी फाटतेच. न ठोकलेल्या त्या दुसऱ्या खिळ्यात मला मिस्त्रीची खरी अक्कल दिसते.

आणि मग कोपरे. चौकटी एकमेकींना जोडणाऱ्या बोल्टचं डोकं बाहेर गुळगुळीत गोल, मान चौकोनी, लाकडात रुतलेली. पान्याला पकड मिळत नाही. नट आत. ज्याच्याकडे किल्ली आहे तो दार उघडून आत जातो आणि पाना फिरवून अख्खी केबिन सुटी करतो. बाहेर उभ्या असलेल्याला ती एकसंध पेटी वाटते. केबिन हलवता येणं आणि सुरक्षित असणं या एकमेकींच्या विरोधात जाणाऱ्या गरजा. एका नटाची बाजू बदलून दोन्ही भागवल्या, याहून सुंदर जागा या साऱ्या रचनेत नाही.

दाराचंही तसंच. ते बाहेर उघडतं, कारण आतली जागा कामाची. मग बिजागऱ्यांची पिन बाहेर येते आणि ती कापता येते. यावर तोड म्हणजे दाराच्या बिजागरीकडच्या कडेला दोन लोखंडी खुंट्या. दार लागलं की त्या चौकटीच्या भोकांत शिरतात. बिजागरी गेली तरी दार जागचं हलत नाही.

दोष छपरात राहतो. पत्रा बसवणाऱ्या हुकांचे नट वर, उघड्यावर येतात. चोर तिथूनच शिरतो. पत्र्याखाली फळ्यांचं अस्तर आतून ठोकलेलं नसेल, तर खालची सगळी हुशारी वाया गेली.

वजनाचा हिशोब सोपा आहे. वाळलेला साग घनफुटाला साधारण अठरा-एकोणीस किलो. पंधरा घनफूट लाकूड लागलं तर पावणेतीनशे किलो. रिकामी केबिन सात-आठ माणसं पाइपांवरून सरकवतात. पण हाच हलकेपणा पाण्यात घात करतो, कारण साग तरंगतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुटलेल्या पाण्याने सुरत बुडाली होती, आणि पर्वत पाटियाच्या बाजूला खाडीचं पाणी पावसाळ्यात आजही चढतं. अशा जागी तुळईपासून जमिनीत पुरलेल्या लोखंडी कडीपर्यंत साखळी हवीच.

तुम्ही केबिन करून घेणार असाल, तर कुलूप कुठल्या कंपनीचं हे नंतर बघा. मिस्त्रीला आधी विचारा, नट कुठल्या बाजूला येणार.